उसाच्या फडावरची धावपट्टी: तिनियनच्या नॉर्थ फील्डचा इतिहास

प्रश्न असा आहे: हिरोशिमा आणि नागासाकीवर टाकलेले अणुबॉम्ब ज्या विमानतळावरून नेले, तो तळ प्रशांत महासागरातल्या तिनियन नावाच्या एवढ्याशा बेटावरच का बांधला? तो काही महिन्यांत उभा कसा राहिला? युद्धानंतर जंगलात कसा गडप झाला? आणि अमेरिकेचं हवाई दल तो पुन्हा वापरात आणतंय म्हणतात, ते खरंच होण्यासारखं आहे का?

मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं धावपट्ट्यांच्या कामात गेली: भराव, दबाई, डांबरीकरण, निचरा, जुन्या पट्ट्यांची दुरुस्ती. म्हणून मी या तळाकडे आधी जमिनीच्या बाजूने पाहतो. नॉर्थ फील्डवर लिहिलेलं बहुतेक साहित्य दोन रात्रींभोवती फिरतं, 6 ऑगस्ट आणि 9 ऑगस्ट 1945. त्या रात्रींचं महत्त्व कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण तेवढंच वाचलं तर हा तळ आधी कोणाचा होता, कोणत्या दगडावर बसलाय आणि उरलेले महिने तिथून काय चाललं होतं, हे कळतच नाही. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे.

आधी जागा. मारियाना बेटांच्या रांगेत सायपनच्या दक्षिणेला, मध्ये जेमतेम पाच-सहा किलोमीटरची खाडी सोडून, तिनियन आहे. क्षेत्रफळ सुमारे 100 चौरस किलोमीटर. टोकियो तिथून साधारण 2,400 किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं गणित त्याच्याभोवतीच फिरतं. बी-29 हे विमान बॉम्ब घेऊन एवढ्या अंतरावर जाऊन परत येऊ शकत होतं. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही बॉम्बफेकी विमानाला ते जमणारं नव्हतं.

बी-29 पहिल्यांदा लढाईत उतरलं ते मारियानातून नव्हे, आपल्या बंगालमधून, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. खरगपूरच्या आसपास चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी, कलाईकुंडा असे तळ 1943-44 मध्ये त्यासाठी तयार झाले. 5 जून 1944 ला या तळांवरून बँकॉकवर पहिला हल्ला झाला. मग जपानवर जायचं तर विमानांनी आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूला उतरायचं, तिथे इंधन भरायचं आणि पुढे जायचं. चेंगडूच्या धावपट्ट्या तीन लाखांहून अधिक चिनी मजुरांनी हातांनी बांधल्या. दगड हातोड्याने फोडायचा, टोपलीने वाहायचा आणि शेकडो माणसांनी दोर लावून दगडी रूळ ओढायचा. मजुरांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण चेंगडूला इंधनाचा प्रत्येक थेंब विमानानेच न्यावा लागत होता. एका बी-29 ला एकदा जपानवर पाठवायचं तर त्यासाठी हिमालयावरून कित्येक खेपा आधी कराव्या लागत. शिवाय चेंगडूहून जपानचं फक्त दक्षिण टोक, क्यूशू, टप्प्यात येई. टोकियो लांबच राहायचं.

म्हणजे अडचण पुरवठ्याची होती. विमानतळाला धावपट्टीइतकंच बंदर लागतं. तिनियनला ते होतं. टँकर थेट बेटाला लागायचे, तिथून नळाने तेल टाक्यांत आणि टाक्यांतून विमानांच्या उभं राहण्याच्या जागांपर्यंत. बंगालमधल्या त्या तळांवरची 58 वी विंग, म्हणजे बी-29 विमानांचा मोठा ताफा, 1945 च्या वसंतात आपला बाडबिस्तरा उचलून तिनियनलाच आली आणि बेटाच्या मधल्या भागातल्या वेस्ट फील्डवर राहिली. त्या वेस्ट फील्डच्या जागी आज बेटाचा नागरी विमानतळ आहे. नॉर्थ फील्ड उत्तर टोकाला. दोन्हींची गल्लत करू नये.

आता ही जमीन कोणाची होती? मूळची चामोरो लोकांची. स्पॅनिश राजवटीने त्यांना इथून उठवून याच रांगेतल्या ग्वाम बेटावर नेलं आणि बेट ओस पडलं. 1899 मध्ये स्पेनने ही बेटं जर्मनीला विकली. 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, जपानने ती घेतली आणि पुढे राष्ट्रसंघाने त्यांचा कारभार जपानकडेच सोपवला. मग साखरेचं राज्य आलं. नान्यो कोहात्सु या जपानी कंपनीने बेटावरचं जंगल तोडून ऊस लावला, कारखाने उभे केले, उसाच्या वाहतुकीसाठी अरुंद रुळांची गाडी टाकली. ओकिनावा, मुख्य जपान आणि कोरियातून माणसं कामाला आणली. युद्धाच्या तोंडावर बेटाची बहुतेक लागवडीयोग्य जमीन उसाखाली होती.

विमानतळाचं काम केलेल्या माणसाला यातून लगेच एक गोष्ट दिसते. मोठ्या धावपट्टीची जागा शोधताना सपाट, मोकळी, निचरा होणारी जमीन हवी. सायपन डोंगराळ आहे. तिनियन त्यामानाने चुनखडीचं सपाट पठार, आणि त्यावरचं जंगल साखर कंपनीने आधीच साफ करून ठेवलेलं. म्हणजे झाडतोड, रस्ते, सपाटी यांतलं बरंचसं काम युद्धाच्या आधी, भलत्याच कारणासाठी आणि भलत्याच लोकांच्या घामातून झालं होतं. अमेरिकन बांधकाम तुकड्यांच्या वेगाचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

पहिली धावपट्टीही जपान्यांचीच. उत्तरेला उशी टोकाजवळ त्यांनी तळ बांधला होता, सुमारे 4,700 फूट लांबीचा. 1944 मध्ये जपानी नौदलाच्या पहिल्या हवाई ताफ्याचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल काकुता काकुजी यांचं मुख्यालय याच बेटावर होतं. त्या तळाची दुमजली काँक्रीटची कार्यालयाची इमारत, जाड भिंतींचे दोन हवाई निवारे आणि इंधनाचं कोठार अजून उभं आहे. छप्पर फुटलंय, सळया उघड्या पडून गंजल्यात, भिंतींतून मुळं उतरलीत. तरी ढाचा टिकून आहे. अमेरिकनांनी आल्यावर याच इमारती वापरल्या.

सायपन 9 जुलै 1944 ला पडलं. 24 जुलैला तिनियनवर चढाई झाली. जपानी सेनापती कर्नल ओगाता यांची अपेक्षा होती की हल्ला दक्षिणेकडच्या चांगल्या रुंद किनाऱ्यावर, तिनियन टाउनजवळ होईल. अमेरिकनांनी तिथे हुलकावणी दिली आणि खरी फौज वायव्येच्या दोन चिंचोळ्या पुळणींवर उतरवली. त्यातली लहान पुळण जेमतेम 60 यार्ड रुंद. दोन्ही बाजूंना प्रवाळाचे कडे होते, म्हणून बांधकाम तुकड्यांनी वाहनांवर बसवता येतील असे पोलादी उतार बनवले. त्याला लागलेल्या तुळया सायपनच्या उद्ध्वस्त साखर कारखान्यातल्या होत्या. ही जागा उशी टोकाच्या तळापासून अगदी जवळ, त्यामुळे धावपट्टी पहिल्या काही दिवसांतच हाती आली. 1 ऑगस्टला बेट जिंकल्याचं जाहीर झालं. बचावातल्या सुमारे आठ हजार जपानी सैनिकांपैकी फार थोडे जिवंत राहिले. अमेरिकेचे तीनशेहून अधिक सैनिक गेले. किती तरी नागरिकांनी दक्षिणेच्या कड्यांवरून उड्या घेतल्या. उरलेले दहा हजारांहून जास्त लोक, जपानी, ओकिनावी, कोरियन, चुरो इथल्या छावणीत तारेच्या कुंपणात युद्ध संपेपर्यंत राहिले. त्यांच्या शेतांवर शेजारी रोलर फिरत होते आणि त्यांच्याच देशावर जाणारी विमानं रोज डोक्यावरून उठत होती. या तळाचा इतिहास सांगताना ही छावणी वगळणं मला पटत नाही.

आता बांधकामाकडे येतो, कारण प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

अमेरिकन नौदलाच्या बांधकाम तुकड्यांना सीबीज म्हणतात. त्यांचे सुमारे पंधरा हजार लोक तिनियनवर होते. काम काय होतं? प्रत्येकी 8,500 फूट, म्हणजे जवळपास 2,600 मीटर लांबीच्या सहा धावपट्ट्या: चार नॉर्थ फील्डवर एकमेकींना समांतर, दोन वेस्ट फील्डवर. एवढी लांबी का? बी-29 चं भरलेलं वजन 60 टनांच्या पुढे जायचं. इंजिनं चार, पण ती तापून पेट घेण्यासाठी कुप्रसिद्ध होती. पूर्ण भरलेलं विमान जेमतेम शेवटच्या काही शे फुटांत चाक सोडायचं. समांतर चार पट्ट्या का? कारण हल्ला म्हणजे शेकडो विमानं एका ठरावीक वेळी लक्ष्यावर हवी. एकाच पट्टीवरून ती सोडत बसलं तर पहिलं विमान शेवटच्याची वाट बघत इंधन जाळत घिरट्या घालणार. चार पट्ट्यांवरून एकाच वेळी सोडली की हा वेळ चौथाईवर येतो. दिशा जवळपास पूर्व-पश्चिम, कारण या बेटांवर वर्षातले बहुतेक महिने पूर्वेचा व्यापारी वारा असतो. पूर्वेला पट्टी संपली की थेट समुद्र, तोही खाली. जड विमान उठल्यावर थोडं खाली झुकून वेग घेऊ शकत होतं, तेवढीच इंजिनांना उसंत.

जुन्या जपानी पट्टीच्या जागेपासूनच काम वाढवत नेलं. कागदावर पठार सपाट दिसतं, पण 2,600 मीटरच्या पट्टीला चढ-उतार फारच थोडा चालतो. त्यामुळे उंचवटे कापायचे आणि खोलगट भाग भरायचे. नॉर्थ फील्डच्या पट्ट्यांसाठी 20 लाख घनयार्डांहून जास्त खोदाई आणि 47 लाख घनयार्डांहून जास्त भराव झाला. खोदाईपेक्षा भराव दुपटीहून अधिक, याचा अर्थ बाकीचा माल शेजारच्या खाणींतून आणला. आमच्या धंद्यात खोदाई आणि भराव जागच्या जागी जुळवण्याचा प्रयत्न असतो, कारण वाहतूक सगळ्यात महाग. इथे तो हिशेब बाजूला ठेवून वेळ विकत घेतला. ट्रकांच्या रांगा दिवसरात्र, रात्री दिव्यांच्या उजेडात.

तो माल होता प्रवाळाचा चुनखडक. प्रशांत महासागरातल्या युद्धतळांचा वेग समजून घ्यायचा असेल तर हा दगड समजून घ्यायला हवा. आपल्याकडे रस्त्याखाली मुरूम टाकतात. तो जागेवरच मिळतो, पाणी मारून रोलर फिरवला की बसतो. प्रवाळखडी तशीच जागेवर मिळते, पण तिला आणखी एक गुण आहे. खणताना तिचे मोठे तुकडे आणि बारीक चुन्याचा भुगा एकत्रच निघतो. थर पसरायचा, ग्रेडरने सारखा करायचा, भरपूर पाणी मारायचं आणि जड रोलर फिरवायचा. भुगा तुकड्यांमधल्या पोकळ्यांत शिरतो, ओल्या चुन्यामुळे कण एकमेकांना धरतात आणि वाळल्यावर थर हलक्या काँक्रीटसारखा कडक होतो. पाणी समुद्राचं असलं तरी चालतं, उलट खारं पाणी चांगलं, कारण मिठामुळे ओल टिकते आणि थर लवकर भुसभुशीत होत नाही. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या बेटावर याचं मोल काय ते ज्याने उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दबाईचं काम केलंय त्यालाच कळेल.

दोष दोन. वाळल्यावर धूळ फार उडते आणि ती इंजिनात जाते. आणि पांढरा पृष्ठभाग उन्हात डोळे दिपवतो. हलक्या लढाऊ विमानांना नुसत्या प्रवाळाच्या पट्ट्या चालायच्या, पण बी-29 साठी वर दोन-अडीच इंच डांबरी काँक्रीटचा थर दिला. ताकद खालच्या दाबलेल्या प्रवाळाची. डांबराने फक्त पाणी अडवलं, धूळ बसवली आणि चाकाला गुळगुळीत पृष्ठभाग दिला. मी नवीन अभियंत्यांना नेहमी हेच सांगत आलो: पट्टी वरून काळी दिसते म्हणून डांबरावर विश्वास ठेवू नका, खालचे थर बघा.

पहिली धावपट्टी डिसेंबर 1944 मध्ये बी-29 साठी तयार झाली. जानेवारी आणि फेब्रुवारीत पुढच्या दोन, आणि मेच्या सुरुवातीला चौथी. लढाई संपल्यापासून नऊ महिन्यांत चार. त्यांची नावं एबल, बेकर, चार्ली, डॉग. त्यांना जोडणारे मैलोगणती टॅक्सीवे आणि विमानं उभी करायच्या अडीचशेहून जास्त जागा. बेटाचा आकार मॅनहॅटनसारखा वाटला म्हणून रस्त्यांना ब्रॉडवे, आठवा ॲव्हेन्यू, बेचाळिसावा रस्ता अशी न्यूयॉर्कची नावं दिली. ती आजही चालतात. 1945 च्या उन्हाळ्यात नॉर्थ फील्ड जगातल्या सर्वांत मोठ्या आणि गजबजलेल्या विमानतळांपैकी होता.

तिथे 313 वी बॉम्बर विंग होती. तिच्या दोन कामांबद्दल बोलायलाच हवं.

पहिलं, आगीचे हल्ले. 9-10 मार्च 1945 च्या रात्री ग्वाम, सायपन आणि तिनियनवरून तीनशेहून अधिक बी-29 टोकियोवर गेली. कमी उंचीवरून आगलावे बॉम्ब टाकले. शहराचा 40 चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग, बहुतेक लाकडी घरांचा, जळाला आणि सुमारे एक लाख माणसं त्या एका रात्रीत मेली. ही संख्या नागासाकीहून मोठी आहे. नॉर्थ फील्डच्या पट्ट्या अशा हल्ल्यांसाठीच बांधल्या होत्या. अणुबॉम्ब नंतर आला. दुसऱ्या शहरांवरही हेच झालं, ओसाका, कोबे, नागोया आणि मग लहान लहान शहरं. एका रात्रीत गेलेल्या विमानांच्या संख्येमागे ती ठरलेल्या वेळात हवेत सोडणाऱ्या पट्ट्यांची संख्या असते. माझ्या धंद्याने अशा हल्ल्याला हातभार लावला, हे मी नुसतं आकडेवारी म्हणून वाचू शकत नाही.

दुसरं काम जवळजवळ विस्मरणात गेलंय: समुद्री सुरुंग. मार्च 1945 च्या शेवटापासून 313 व्या विंगने शिमोनोसेकी सामुद्रधुनी आणि जपानच्या बंदरांच्या तोंडाशी हवाई छत्रीने सुरुंग सोडायला सुरुवात केली. मोहिमेचं नावच उपासमार असं होतं. बारा हजारांहून जास्त सुरुंग टाकले आणि त्यात पंधरा विमानं गेली. जपानची किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारी मालवाहतूक, अन्न, कोळसा, कच्चा माल, सगळं आक्रसलं. सहाशेहून अधिक जहाजं बुडाली किंवा निकामी झाली. युद्धाच्या निकालात या मोहिमेचा वाटा फार मोठा होता असं मला वाटतं. आगीसारखी किंवा ढगासारखी तिची छायाचित्रं नाहीत, म्हणून ती लोकांपर्यंत पोहोचली नाही.

आता अणुबॉम्ब. कर्नल पॉल टिबेट्स यांचा 509 वा गट 1945 च्या मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने तिनियनला आला. बाकीच्यांपासून वेगळा, कुंपणाआड. 26 जुलैला इंडियानापोलिस या युद्धनौकेने हिरोशिमाच्या बॉम्बचे मुख्य भाग आणून दिले. चार दिवसांनी ती नौका ग्वामहून फिलिपिन्समधल्या लेते बेटाकडे जाताना जपानी पाणबुडीने बुडवली. जवळपास बाराशे खलाशांपैकी 316 वाचले.

विमानतळाच्या दृष्टीने इथे एक नेमकी अडचण होती. बी-29 चं पोट जमिनीपासून फार उंच नसतं. नेहमीचे बॉम्ब गाड्यावरून पोटाखाली नेऊन वर चढवता यायचे. पण हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे तीन मीटर लांब आणि साडेचार टनांच्या आसपास, आणि नागासाकीचा त्याहून जड नि दीड मीटर जाड. तो पोटाखाली घुसवायला जागाच नाही. म्हणून विमान उंच करण्याऐवजी बॉम्ब खाली घेतला. उभं राहण्याच्या जागेत काँक्रीटचे दोन खड्डे बांधले, आत वर-खाली होणारा हायड्रॉलिक जॅक. बॉम्ब गाड्यावर ठेवून रुळांवरून खड्ड्यावर आणायचा, जॅकने थोडा उचलायचा, गाडा आणि रूळ काढून घ्यायचे, बॉम्ब काटकोनात फिरवायचा आणि खड्ड्यात उतरवायचा. मग विमान ओढून मागे मागे खड्ड्यावर आणायचं. विमानातल्या ज्या आकड्यात बॉम्ब अडकायचा त्यातून ओळंबा सोडायचा आणि बॉम्बवरची कडी बरोबर त्याखाली येईपर्यंत जागा जुळवायची. मग हळूहळू वर. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला जो ओळंबा वापरतो तोच. जगातलं सगळ्यात नवीन शस्त्र आणि सगळ्यात जुनं हत्यार एकाच खड्ड्यात होतं.

दुसरी अडचण धावपट्टीची. भरलेली बी-29 उड्डाण करताना कोसळत, पेट घेत. नौदलाचे कॅप्टन विल्यम पार्सन्स यांनी आदल्या रात्रीच अशी चार विमानं पट्टीवर जळताना पाहिली होती. जिवंत अणुबॉम्ब घेतलेलं विमान तसं पडलं असतं तर तळ आणि कदाचित बेटाचा मोठा भाग गेला असता. म्हणून त्यांनी ठरवलं की स्फोटासाठी लागणारी दारू हवेत गेल्यावर भरायची. 6 ऑगस्टला पहाटे 2:45 ला एनोला गे हे विमान एबल पट्टीवरून उठलं आणि पार्सन्स यांनी अरुंद जागेत उकिडवं बसून ते काम हवेत केलं. जपानी वेळेनुसार सकाळी 8:15 ला हिरोशिमा. वर्षअखेरपर्यंत तिथे सुमारे 1 लाख 40 हजार माणसं मेली. त्यात कामासाठी जपानात आणलेले हजारो कोरियनही होते.

9 ऑगस्टची मोहीम तर सुरुवातीपासूनच अडखळली. नागासाकीचा बॉम्ब आतून वेगळा, त्याची जुळणी हवेत करणं शक्य नव्हतं, म्हणून तो तयार अवस्थेतच उठवावा लागला. बॉक्सकार या विमानाचा इंधन ओढणारा एक पंप बंद होता आणि त्यामुळे सुमारे 600 गॅलन इंधन टाकीत असूनही वापरता येणार नव्हतं. तरी मेजर चार्ल्स स्वीनी निघाले. ठरलेलं लक्ष्य कोकुरा ढग आणि धुराने झाकलेलं, म्हणून नागासाकी. सकाळी 11:02. परत तिनियन गाठण्याइतकं इंधन नव्हतं, विमान ओकिनावाला जेमतेम उतरलं. नागासाकीत वर्षअखेरपर्यंत सुमारे 70 हजार मृत्यू.

युद्ध संपल्यावर एवढा तळ का सोडला, याचं उत्तर साधं आहे. त्याची किंमत त्या 2,400 किलोमीटरांत होती. जपानमध्येच अमेरिकन फौज गेली तेव्हा तिथल्या तळांसमोर तिनियनला अर्थ उरला नाही. ग्वामवर मोठं बंदर आणि कायमचे तळ होते. 1946 पर्यंत विमानं गेली, बरीच यंत्रसामग्री तिथेच टाकून दिली. छावणीतल्या जपानी, ओकिनावी आणि कोरियन लोकांना त्यांच्या त्यांच्या देशांत परत पाठवलं. 1948 मध्ये याप बेटावरून चामोरो कुटुंबं येऊन वसली. आजची वस्ती बहुतांशी दक्षिणेला सॅन होजे गावात, सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास. 1980 च्या दशकात बेटाचा उत्तरेकडचा सुमारे दोन तृतीयांश भाग अमेरिकन संरक्षण खात्याने दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने घेतला आणि नॉर्थ फील्ड त्यातच येतो. 1985 मध्ये चढाईच्या पुळणी आणि हा तळ मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले.

आणि जंगल? तुम्ही उपग्रहचित्रात पट्ट्यांच्या मधली जी दाट हिरवळ पाहता, तिथे सगळ्यात जास्त काय आहे माहीत आहे? सुबाभूळ. तिकडे तिला टांगनटांगन म्हणतात. आपल्याकडे चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी लावली तीच. युद्धात उघडी पडलेली जमीन धुपून जाऊ नये म्हणून या बेटांवर तिचं बी मोठ्या प्रमाणावर पेरलं. ज्याच्या बांधावर सुबाभूळ आहे त्याला पुढचं सांगायला नको: शेंग फुटली की बी सगळीकडे, तोडलं तरी बुंध्यातून फुटवे. चुनखडीच्या उथळ मातीत तर ती मजेत वाढते. पट्टीच्या डांबराला उन्हाने भेगा पडल्या, भेगेत पाला कुजला, पाल्यात बी रुजलं. मात्र याच झाडीत तिनियन मोनार्क नावाचा छोटा पक्षी, जो फक्त या बेटावरच आढळतो, तो पुन्हा वाढला. इतका की 2004 मध्ये त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या अमेरिकन यादीतून काढलं. तळाच्या शेजारीच हागोई नावाची पाणथळ जागा आहे, तीही पक्ष्यांची.

शेवटचा प्रश्न: पुन्हा वापरता येईल का? काम 2024 पासून सुरूच आहे. अमेरिकन हवाई दलाने पट्ट्यांवरची झाडी काढायला घेतली, कारण चीनशी संघर्ष झाला तर विमानं ग्वामसारख्या एका मोठ्या तळावर गोळा न ठेवता अनेक ठिकाणी विखुरता यावीत असं त्यांचं धोरण आहे. म्हणजे पुन्हा अंतरच निर्णायक ठरलं, फक्त मोजण्याची दिशा बदलली.

अभियंता म्हणून माझं मत: खालचा प्रवाळाचा थर बहुतेक ठिकाणी चांगला असेल. पाणी साचू न देणारा, ऐंशी वर्षं नैसर्गिक दबावाखाली बसलेला. डांबराचा थर मात्र पूर्ण मेलेला समजावा. तो खरवडून टाकून नव्याने करणं स्वस्त पडतं, भेगा बुजवत बसण्यापेक्षा. खरी काळजी दोन जागी. एक, झाडांची जाड मुळं काढताना थर उसवतो आणि तिथे पोकळी राहते. प्रत्येक बुंध्याची जागा खणून, भरून, दाबून घ्यावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात खचते. दोन, वजन. बी-29 साठ टनांचं होतं. आजचं सी-17 हे मालवाहू विमान पूर्ण भरल्यावर 265 टनांपर्यंत जातं. त्याला चाकं जास्त असतात, भार विभागला जातो, तरी जुन्या थरांची धारणक्षमता ठिकठिकाणी तपासल्याशिवाय असं विमान उतरवणं योग्य नाही. शिवाय चुनखडीच्या पठारात पाण्याने झिजून तयार झालेल्या पोकळ्या असतात. सर्वेक्षणात त्यांचा शोध आधी घ्यायला हवा.

आणि एक मागणी, जी मी कुठल्याही जुन्या तळाच्या कामात करत आलोय. बॉम्बचे दोन्ही खड्डे आता काचेखाली जपलेले आहेत, त्यांना धक्का लागणार नाही. पण जपानी कार्यालयाची इमारत, हवाई निवारे आणि चुरो छावणीच्या खुणा यांना असं काचेचं छत नाही. उघड्या सळयांतला गंज काँक्रीट आतून फोडत असतो. बुलडोझर शेजारी फिरतायत तेव्हाच त्या इमारतींचं मोजमाप, छायाचित्रण आणि निदान सळयांची गंजरोधक दुरुस्ती करून घ्यावी. त्यासाठी धावपट्टीच्या खर्चाच्या मानाने अगदी किरकोळ पैसा लागतो, आणि यंत्रसामग्री तर बेटावर आलेलीच आहे.